घरातला खर्ज आणि सामाईक भिंत

तंबोऱ्याची शेवटची तार ज्याने एकदा लक्षपूर्वक ऐकली आहे, त्याला खर्ज म्हणजे काय हे सांगावयास नको. भजनाच्या बैठकीत पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून वादक पहिली थाप देतो, तेव्हा जो गंभीर नाद उमटतो तो कानांइतकाच छातीलाही जाणवतो. टाळ, चिपळ्या, पेटी आणि गवयाचा कंठ ही सारी इमारत त्याच पायावर उभी असते. परंतु हा पाया यंत्राच्या द्वारे आपल्या घरात यावयास पाऊणशे वर्षे लागली, आणि तो घरात आल्यावर शेजारधर्माचा एक नवाच प्रश्न उभा राहिला. आजकाल पुष्कळ घरांत दोन लहान स्पीकर आणि त्यांच्या जोडीला एक सबवूफर आणण्याची चाल पडली आहे. ती खरेदी करण्यापूर्वी हा इतिहास ध्यानी घेणे हितकारक ठरेल, असे आम्हांस वाटते.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, आणि आपल्या देशात तबकडीचे युग सुरू झाले. त्या काळी वीज नव्हती. गवयाने कर्ण्यात तोंड घालून गावे आणि त्या आवाजाच्याच बळाने सुईने मेणावर रेघ ओढावी, अशी पद्धत होती. या पद्धतीत सेकंदाला दीडदोनशे कंपनांखालील नाद जवळजवळ उमटतच नसे. काळी एक ही पट्टी धरली तर पुरुषी गळ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ कंपनांची. म्हणजे खर्ज मुळातच तबकडीवर चढत नसे. तरीही आपल्या आजोबांनी त्या तबकड्या डोळे मिटून ऐकल्या, यात नवल नाही. मूळ स्वर गळाला असताही त्याचे वरचे अंशस्वर शाबूत असले, तर कान तो खालचा स्वर आपल्यापुरता कल्पून घेतो. निसर्गाने दिलेली ही मोठीच सवलत होय.

१९२५ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण व्यवहारात आले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत राइस व केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना जगापुढे मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी शंकू, आणि तो शंकू मागेपुढे हलून हवेला ढकलतो. शंभर वर्षांत या तत्त्वात मूलतः काही बदललेले नाही. पुढे घरोघरी रेडिओ आला. १९४८ च्या जुलैत नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील सौंसर, रामाकोना ही मराठी बोलणारी गावे आणि नागपूर शहर एकाच प्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची सीमा मध्ये आली. परंतु आकाशवाणीच्या लहरींना सीमा कसली? तथापि त्या रेडिओची लाकडी पेटी मागून उघडी असे. शंकूच्या पुढून निघालेला खर्ज मागून निघालेल्या उलट लहरीत मिसळून विरून जाई. देवळावर चढलेल्या कर्ण्याची गत तर याहून वाईट. तो साधारणतः अडीचतीनशे कंपनांखाली काही बोलतच नाही. म्हणूनच कर्ण्यावरून आलेल्या भजनात टाळ कडाडतो, आणि पखवाज मात्र डबा वाजवल्यासारखा भासतो.

खर्ज लहान पेटीतून काढण्याची युक्ती १९५४ साली एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकाने शोधली. त्याने पेटी सर्व बाजूंनी बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यापूर्वी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. आता ती फळीवर मावू लागली. परंतु सृष्टीत काहीही फुकट मिळत नाही. विल्चरच्याच परंपरेतील हॉफमन यांच्या नावाने एक लोहनियम प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिहींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी पदरात पडतात. शिवाय तितक्याच जोराचा नाद एक सप्तक खाली काढावयाचा, तर चौपट हवा ढकलावी लागते. चार इंची शंकूला हे झेपणे नाही. १९७० च्या दशकात बीबीसीने आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रण-गाड्यांसाठी सुमारे एक फूट उंचीचा जो छोटा स्पीकर तयार केला, त्याच्या कंठस्वराची कीर्ती आजही आहे. पण खोल खर्ज त्याच्याकडे कोणी मागितला नाही.

यावर उपाय श्रमविभागाचा. कंठ आणि वाद्ये लहान स्पीकरांनी सांभाळावी, आणि खालचा दीड-दोन सप्तकांचा भार स्वतंत्र मोठ्या शंकूने उचलावा. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी थिएटरात भूकंपाचा घरघराट निर्माण करणारी यंत्रणा बसवली गेली, आणि या खालच्या नादाची ओळख सर्वसामान्य प्रेक्षकाला पटली. पुढे व्हिडिओच्या मागोमाग सबवूफर घरात शिरला. हा भार एकाच पेटीवर सोपवता येतो, कारण सुमारे ८० कंपनांखालील नाद कोणत्या दिशेने आला हे कानाला नीट उमगत नाही. त्याची लहरच चार मीटरांहून लांब असते.

आता निवडीविषयी. दहा-बारा फुटांच्या खोलीला चार ते पाच इंची शंकूचे दोन स्पीकर आणि आठ इंची सबवूफर पुरेसा होतो. यात खरी कसोटी आकाराची नसून सांध्याची आहे. लहान स्पीकर शंभर कंपनांवरच दम सोडत असेल आणि सबवूफर साठांखाली काम करीत असेल, तर मधल्या पोकळीत नेमकी तंबोऱ्याची ६९ कंपनांची तार हरवते. मग हा सारा खर्च कशासाठी? उलट दोघे एकमेकांच्या हद्दीत फार शिरले, तर डग्गा गुबगुबीत होतो आणि प्रत्येक थाप सारख्याच स्वराची वाटू लागते. बंद पेटीचा सबवूफर पखवाजाच्या थापेला चटकन उठतो आणि चटकन थांबतो. भोक असलेली पेटी तितक्याच शक्तीत अधिक घुमते. भजन-संगीतासाठी आम्ही पहिलीस पसंती देऊ. खोक्यावर छापलेल्या ‘पीएमपीओ’ वॅटच्या हजारी आकड्यांना कोणतेही सर्वमान्य मानक नाही. ते वाचूच नयेत. खरी शक्ती दुप्पट केली तरी आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो. सबवूफर कोठे ठेवावा, याचीही एक सोपी रीत आहे. तो क्षणभर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, ओळखीची एखादी मुद्रिका लावावी, आणि आपण खोलीच्या कडेकडेने फिरावे. जेथे खर्ज स्पष्ट व सम ऐकू येईल, तेथे त्याची स्थापना करावी. ज्यांच्याकडे केवळ १९२५ पूर्वीच्या मुद्रिका आहेत त्यांनी मात्र ही यातायात करू नये. जे मुळात कोरलेच नाही ते कोणते यंत्र देणार?

येथवर सारे घराच्या आतले झाले. पण जुन्या वस्तीत दोन घरांत पुष्कळदा एकच भिंत असते, आणि खर्ज तिला जुमानत नाही. टाळाचा नाद भिंत अडवते. खालचा नाद तिच्यासकट पलीकडे जातो. हा अनुभव न्यायालयांस नवा नाही. १८७९ च्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या प्रसिद्ध इंग्लिश खटल्यात लंडनचा एक हलवाई वीस वर्षांहून अधिक काळ खलबत्ते चालवीत होता. पलीकडे एका डॉक्टरने त्या भिंतीला लागून रुग्ण तपासण्याची खोली बांधली, आणि खलबत्त्यांचा धक्का त्याला असह्य झाला. निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. आमची वहिवाट जुनी आहे, हा बचाव तेथे टिकला नाही.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर याहून पाच डेसिबलांपलीकडे जाता कामा नये. २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने चर्च ऑफ गॉड खटल्यात असे म्हटले की, दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. मध्य प्रदेशात कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथील नव्या सरकारने मर्यादेबाहेरच्या ध्वनिवर्धकांवर कारवाईचा आदेश काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्याने, रामाकोन्याच्या रहिवाशाला आता तक्रारीसाठी छिंदवाड्याकडे पाहावे लागत नाही.

परंतु या नियमांत एक मोठे छिद्र आहे. मोजणी ‘अ’ श्रेणीवर होते. १९३३ साली फ्लेचर व मन्सन यांनी दाखवले की मंद आवाजात मानवी कान खर्जाला फार बधिर असतो. ही श्रेणी त्या बधिरतेचीच प्रतिकृती आहे. ५० कंपनांचा नाद तीत सुमारे ३० डेसिबलने कमी भरतो. म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवर रात्री ८० डेसिबलचा शुद्ध खर्ज आदळला, तरी मापक जेमतेम ५० दाखवील, आणि कायदा मोडला असे म्हणता येणार नाही! कानाची ती बधिरता मंद नादापुरतीच असते. ८० डेसिबलला पलीकडचा म्हातारा माणूस खास जागा होतो. ‘क’ श्रेणीवर हाच नाद एखाद्या डेसिबलचाच फरक होऊन मोजला जातो. घरगुती व मिरवणुकीतील खर्जासाठी नियमांत या श्रेणीची जोड दिली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो दिवस येईपर्यंत शेजाऱ्याचे रक्षण मापकाने नव्हे, आपल्या विवेकानेच व्हावयाचे आहे. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर ठेवावा, त्याखाली जाड रबर घालावे, आणि रात्री दहानंतर तो बंद करून केवळ लहान स्पीकरांवर ऐकावे. उरलेला खर्ज कान आपणहून कल्पून घेईल. आपल्या आजोबांनी तबकडीपुढे बसून हेच केले होते.