सिपनेकाठी सोयरे शोधताना

साल १९३२, चैत्राचं ऊन. मूर्तिजापूरला तुम्ही एलिचपूरच्या छोट्या गाडीत चढता. आज आपण शकुंतला म्हणतो ती हीच. परतवाड्याहून बैलगाडीने मेळघाटचा घाट चढता. सिपना नदीकाठचं सेमाडोह मागे पडतं आणि मोहाच्या फुलांचा वास तुम्हाला एका कोरकू ढाण्यात, म्हणजे वस्तीत, आणून सोडतो. मधून एकच रस्ता, दोन्ही अंगांना समोरासमोर घरं, कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या. गावाबाहेर झाडाखाली सागवानी स्मृतिपाट्या रोवल्या आहेत. एकीवरून हात फिरवा. सूर्य, चंद्र, घोडेस्वार बोटांना लागतात.

ओसरीवरची म्हातारी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि म्हणते, ‘डा’. तुमची मराठी इथे थांबते. शेजारची गोंडीही मदतीला येत नाही.

याच वर्षी तिकडे व्हिएन्नात एक पुस्तक निघालं आहे. लेखक हंगेरियन, हेवेशी. त्याचं सांगणं असं, की भारतातल्या मुंडा भाषा हंगेरियनच्याच कुळातल्या. मुंडा भाषांमधली सर्वांत पश्चिमेची म्हणजे ही कोरकू!

त्याची ओढ समजून घ्यायला हजारेक वर्षं मागे चला. नवव्या शतकाच्या अखेरीस आर्पादच्या घोडेस्वारांसोबत तुम्ही कार्पेथियन डोंगर उतरता. समोर डॅन्यूबचं सपाट मैदान, आणि भोवती तुमची भाषा कळणारं कुणी नाही. हे एकटेपण पुढे शतकानुशतकं टिकलं. पूर्वजांचा मुलूख शोधत शांदोर कोरोशी चोमा हा हंगेरियन भाषाभ्यासक आशियात आला. तो मुलूख त्याला सापडला नाही. हाती आला तिबेटी-इंग्रजी कोश, १८३४ साली कलकत्त्यात छापलेला. १८४२ साली दार्जिलिंगमध्ये तो वारला. त्याच्या ट्रान्सिल्व्हेनियातही थडग्यांवर कोरीव लाकडी खांब उभे करतात. ते आठवलं की सिपनेकाठच्या पाट्यांपुढे मन हलतं. पण एवढ्यावर सोयरिक ठरत नाही.

भाषाशास्त्रज्ञांनी हेवेशीचं म्हणणं मानलं नाही. हंगेरियनचे जवळचे आप्त उरलपलीकडे, ओब नदीच्या खोऱ्यात आहेत: मान्सी आणि खांती. कोरकूचे आप्त पूर्वेला, छोटा नागपूरच्या पठारावर. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला, त्यात स्टेन कोनोवने कोरकूला संथाळी-मुंडारीच्या पंक्तीत बसवलं. म्हातारीचा ‘डा’ तिथे कळतो. मधला सारा मुलूख परक्या भाषांचा, तरी हे बोलणं सातपुड्यात टिकलं. मला या चिवटपणाचं मोल कुठल्याही दूरच्या सोयरिकीहून अधिक वाटतं.

आता आजच्या मेळघाटात या. १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठली. भाषा मात्र राहिली: २०११च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून. म्हणून मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात नेमणूक झालेल्या गुरुजींनो, बाईंनो, पहिलीच्या वर्गात पोरांशी आधी कोरकूत बोला. मराठी मागून येईलच.