मैदानानंतरची वाट : क्रीडा व्यवसाय आणि माजी विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन

वरंध घाटाच्या पायथ्याच्या गावांत, किंबहुना संपूर्ण महाड-पोलादपूर परिसरात, मुलांना कबड्डीची गोडी लावावी लागत नाही, ती असतेच. भाताची कापणी उरकली की मोकळ्या झालेल्या शेतात मैदान आखले जाते आणि उन्हाळ्यात चाकरमानी गावी परतले की वाडीवाडीचे संघ चषकासाठी झुंजतात. अलीकडे टेनिस चेंडूच्या क्रिकेटनेही तेवढीच जागा व्यापली आहे. प्रश्न उभा राहतो तो खेळाडूची पंचविशी उलटल्यावर. गुडघा दुखावला, संघातील जागा धाकट्याने घेतली, की महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम किंवा मुंबईत मिळेल ती नोकरी, एवढेच पर्याय समोर दिसतात. याच मुलाला प्रशिक्षक, पंच, फिजिओथेरपिस्ट, व्यायाम प्रशिक्षक किंवा संघ व्यवस्थापक होता आले असते. मात्र त्यासाठी कोणत्या वर्षी कोणता अर्ज भरायचा, हे सांगणारे माणूस त्याला भेटलेले नसते.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे माजी विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन. एखाद्या शाळेतून, महाविद्यालयातून किंवा व्यायामशाळेतून बाहेर पडून क्रीडा क्षेत्रात स्थिरावलेल्या व्यक्तीने त्याच संस्थेतील धाकट्यांना व्यवसायाची वाट दाखवावी, असे त्याचे साधे स्वरूप आहे. प्रशिक्षक खेळ शिकवितो, तर हा मार्गदर्शक खेळाभोवतीचा व्यवसाय समजावून देतो. नोकरी देणे हे त्याचे काम नव्हे. अनेक ठिकाणी हा उपक्रम पहिल्या वर्षातच बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हाच गैरसमज असतो.

ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली, असे मानण्याचे कारण नाही. कोकणातून मुंबईत गेलेला गिरणी कामगार परळ, लालबाग, नायगावच्या चाळींत गावकीच्या खोलीत उतरे. तेथे गावचाच कोणीतरी आधी स्थिरावलेला असे. तो नवख्याला गिरणीत चिकटवी आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर नेई. मुंबईची कबड्डी याच वस्त्यांत वाढली. चांगला खेळणारा मुलगा गिरणी, रेल्वे, बेस्ट, पोलीस दल किंवा बँकेच्या संघाच्या नजरेस आणून देण्याचे काम मंडळातील जुने खेळाडूच करीत. त्याला कोणी ‘मेंटॉरिंग’ म्हटले नाही. पण कार्य तेच होते.

ती साखळी पुढे तुटली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सार्वजनिक उपक्रमांतील खेळाडूंची भरती पूर्वीसारखी राहिली नाही. कबड्डीत दबदबा असलेल्या एअर इंडियासारख्या कंपनीचे तर २०२२ मध्ये खासगीकरणच झाले. गावोगावची ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ आजही टिकून आहेत, पूजा आणि सामने भरवितात. मात्र नोकरीची जुनी दारे मिटल्यावर नवी दारे कोणती, याची माहिती त्यांच्यापाशी फारशी पोहोचलेली नाही.

नवी दारे उघडली आहेत, हे मात्र खरे. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये ८ संघांनिशी सुरू झाली आणि २०१७ पासून संघांची संख्या १२ वर गेली. प्रत्येक संघाला चढाई-पकड करणाऱ्यांखेरीज प्रशिक्षक, शारीरिक तंदुरुस्ती तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, चित्रफितींचे विश्लेषण करणारा आणि व्यवस्थापक लागतो. टेनिस चेंडूच्या क्रिकेटचीही २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग ठाण्यात भरली. गावच्या स्पर्धांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होऊ लागल्याने समालोचक, गुणलेखक, कॅमेरावाले यांना हंगामभर काम मिळते. हंगाम संपल्यावर काय, हा प्रश्न त्यांनाही आहेच.

मोठ्या संस्थांचा अनुभव

क्रीडा व्यवस्थापनाचे स्वतंत्र शिक्षण देण्याचा मान अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाकडे जातो. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ मध्ये प्राध्यापक जेम्स मेसन यांना अशा अभ्यासक्रमाची गरज कळविली आणि १९६६ मध्ये पदव्युत्तर वर्ग सुरू झाला. या विभागाचे नाव झाले ते अभ्यासक्रमाइतकेच त्याच्या माजी विद्यार्थ्यांमुळे. निरनिराळ्या संघांत, लीगमध्ये, विद्यापीठांत गेलेले विद्यार्थी पुढच्या तुकड्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावू लागले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही २००५ पासून खेळाडूंच्या निवृत्तीनंतरच्या व्यवसायासाठी स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला. ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेल्यांनाही त्याची निकड भासते, तर तालुका पातळीवरच्या खेळाडूची काय कथा!

महाराष्ट्रात याबाबत सर्वांत जुने उदाहरण अमरावतीचे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, हे सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे शिकून गेलेले शारीरिक शिक्षण शिक्षक राज्यभरातील शाळांत पसरले. पुण्यात १९२४ पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्रीय मंडळानेही याच क्षेत्रात शिक्षणाचे मोठे काम केले. अशा संस्थेचा एक माजी विद्यार्थी गावच्या शाळेत ‘पी.टी.चे सर’ म्हणून आला, तर त्या गावातील मुलाला पुढचा पत्ता आपोआप मिळतो.

मुंबई क्रिकेटमध्ये हे नाते गुरूच्या मैदानाभोवती विणले गेले. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली घडलेले चंद्रकांत पंडित पुढे प्रशिक्षक झाले. त्यांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा, तर मध्य प्रदेशला २०२१-२२ मध्ये रणजी करंडक जिंकून दिला. आचरेकरांचेच शिष्य प्रवीण आमरे यांनी अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर यांच्यासारख्यांना वेळोवेळी मार्गदर्शन केले. कसोटीतील आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे डोंबिवलीचे नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये मुंबईत इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट ही संस्था काढली. तिला २०२० चा राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार मिळाला. खेळ सुटल्यावर क्रीडा व्यवसायाची वाट इतरांसाठी रुंद करणारा खेळाडू म्हणून त्यांच्याकडे पाहता येईल.

याउलट खाशाबा जाधवांची कहाणी आजही चटका लावते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांच्यामागे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर उभे राहिले. पदक आणल्यानंतर १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले, पण बढतीसाठी त्यांना नोकरीची अखेर येईपर्यंत थांबावे लागले. मैदानापर्यंत पोहोचविणारा आधार लाभला. त्यानंतरच्या आयुष्यात मात्र तो कोणाचा मिळाला नाही.

मार्गदर्शकाने काय सांगावे

सर्वांत आधी कागदपत्रांविषयी. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी २००५ पासून ५ टक्के आरक्षण आहे आणि २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष सुधारण्यात आले. त्याचा लाभ घेण्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेत ठरावीक स्तरावर स्थान मिळविलेले असावे लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी व्हावी लागते. गावच्या खुल्या स्पर्धेतील चषक माणसाच्या उंचीचा असला, तरी येथे त्याचा उपयोग नाही. कित्येक उमद्या खेळाडूंनी उमेदीची वर्षे रोख बक्षिसांच्या स्पर्धांत घालविली आणि जिल्हा संघाची निवड चाचणी चुकविली. हे शिक्षकांपेक्षा त्या चुकीतून गेलेला माजी विद्यार्थी अधिक परिणामकारकपणे सांगू शकतो.

दुसरी बाब वेळेची. फिजिओथेरपीस जायचे असेल तर दहावीनंतरच विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र हा विषय निवडावा लागतो. बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर ही इच्छा झाली, तर ते दार बंद झालेले असते. शारीरिक शिक्षण शिक्षक व्हायचे तर पदवीनंतर दोन वर्षांचा बी.पी.एड. अभ्यासक्रम आहे. प्रशिक्षकपदासाठी पतियाळा येथील, १९६१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या, म्हणजे ‘एन.आय.एस.’च्या, पदविकेला आजही वजन आहे. प्रवेशाच्या वेळी उमेदवार कोणत्या स्तरापर्यंत खेळला, हे पाहिले जाते. संघटनांच्या पंच परीक्षांना मात्र आपल्याकडे उगाच दुय्यम मानले जाते. खेळणे थांबल्यावरही मैदानाशी संबंध राखण्याचा आणि राज्यभरातील लोकांशी ओळख होण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

महाड-पोलादपूरच्या बाबतीत आणखी एक क्षेत्र विचारात घेण्याजोगे आहे, ते साहसी खेळांचे. वरंध आणि आंबेनळी या दोन घाटांमधला सह्याद्री येथील तरुणांच्या पायाखालचा आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा स्थानिक तरुण आणि महाबळेश्वरचे ट्रेकर दोर लावून खाली उतरले होते. शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने या व्यवसायाला नोंदणी आणि सुरक्षिततेच्या चौकटीत आणले. केवळ वाटा माहीत असणे आता पुरेसे नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणचा मूलभूत अभ्यासक्रम आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण हाती असलेल्यालाच रीतसर काम मिळेल. या वाटेने आधी गेलेला एखादा माजी विद्यार्थी शोधला, तर तो कबड्डीपटूइतकाच उपयोगी ठरेल.

सावधगिरी आणि सुरुवात

मार्गदर्शनाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीचाही विचार करावयास हवा. व्यावसायिक लीगच्या निवड चाचणीत नाव घालण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर तो मार्गदर्शक नव्हे. मुलींच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. कुस्तीगीर महिलांच्या २०२३ मधील आंदोलनाने क्रीडा संघटनांतील तक्रार निवारणाची दुरवस्था देशापुढे आणली. त्यामुळे अल्पवयीन खेळाडूंशी होणारी प्रत्येक भेट शाळेत, शिक्षक किंवा पालकांच्या उपस्थितीत व्हावी आणि तिची नोंद राहावी, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पाटण्यात २०१२ मध्ये पहिला महिला कबड्डी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. मुलींसाठी शक्यतो खेळाडू राहिलेल्या महिलाच मार्गदर्शक असाव्यात.

महाविद्यालयांकडे माजी विद्यार्थी संघ बहुधा असतो, कारण ‘नॅक’च्या मूल्यांकनात त्यासाठी गुण आहेत. मूल्यांकनाची फाईल पूर्ण झाली की संघाचे काम संपते, असा मात्र अनेक ठिकाणचा अनुभव आहे. शाळांच्या पातळीवर तेवढेही नाही. तेथे जुन्या हजेरीपटांपासून आणि जिल्हा संघांच्या यादीपासून सुरुवात करावी लागेल. पोलीस दलात, रेल्वेत, व्यायामशाळांत, रुग्णालयांत, वृत्तवाहिन्यांत कोण आहे, याची वही शारीरिक शिक्षण शिक्षकाने एका हंगामात तयार करावी. एका मार्गदर्शकाकडे दोन किंवा तीनच मुले द्यावीत आणि एका वर्षाची मुदत ठेवावी. महिन्यातून एक दूरध्वनी आणि वर्षातून दोन प्रत्यक्ष भेटी, एवढी अपेक्षा नोकरदार माणसाला झेपते.

भेटीचा दिवस ठरविताना कोकणाचे पंचांगच पाहावे. गौरी-गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईकर गावी असतातच. त्यांपैकी गणपतीचा मोसम पावसाचा, आणि त्या दिवसांत वरंध घाट वाहतुकीस बंद असण्याचा संभव असल्याने पुण्याकडील मंडळींना लांबचा वळसा पडतो. दहावीच्या निकालापूर्वीचा मे महिना त्या दृष्टीने सोयीचा आहे. तेव्हा सामने चालू असतात, शाळेचे आवार मोकळे असते आणि अकरावीची शाखा निवडायला मुलांच्या हाती काही आठवडे उरलेले असतात.