नाव चुकलेली माशी

बहामाजचं 10 सेंटचं नाणं हातात घेतलं तर त्यावर दोन मासे दिसतात. ते बोनफिश. अंगावर आरशासारखे खवले असल्यामुळे उथळ पाण्यात हा मासा समोर असूनही दिसत नाही. दिसते ती त्याची वाळूवरची सावली. भरतीबरोबर तो गुडघाभर पाण्यात चढतो, तोंड खाली करून वाळू उकरतो आणि कोलंबी, खेकडे, शिंपले चिरडून खातो. तेव्हा शेपटी तेवढी पाण्याबाहेर हलत असते.

त्याला फसवणाऱ्या बनावट कोलंबीचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे 'क्रेझी चार्ली'. गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेल्या आमिषाला 'फ्लाय', म्हणजे माशी म्हणतात, मग रूप कोलंबीचं का असेना!

गोष्ट 1977ची. बहामाज स्वतंत्र होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. कॅलिफोर्नियाचा बॉब नॉहाइम अँड्रॉस बेटावर मासेमारीला आला होता. त्याचा गाइड होता तिथलाच चार्ली स्मिथ. बोनफिश काचेसारखे पारदर्शक चिमुकले मासे खातात हे पाहून नॉहाइमनं एक माशी बांधली. गळाच्या दांड्यावर चंदेरी पट्टी, त्यावर पारदर्शक नायलॉनचे वेढे, वर पांढरी पिसं. डोळ्यांच्या जागी बेसिनच्या बुचाला असते तसल्या साखळीतले दोन मणी.

ते मणी शोभेसाठी नव्हते. त्यांच्या वजनानं माशी पटकन तळाला जाते आणि उलटी होते. गळाचं टोक वर राहतं, त्यामुळे ते समुद्रगवतात अडकत नाही. दोरी थोडी थोडी ओढली की ती उसळते, पुन्हा खाली बसते. घाबरलेली कोलंबी शेपटी झटकत पळते अगदी तशी.

मासे तुटून पडले. चार्लीनं ही माशी 'नॅस्टी' आहे असा शेरा मारला, म्हणजे भलतीच जहाल. म्हणून नॉहाइमनं नाव ठेवलं 'नॅस्टी चार्ली'. पुढे 'ऑर्व्हिस' कंपनीच्या ली पर्किन्सच्या लक्षात ते नाव चुकीचं राहिलं, असं सांगतात. कॅटलॉगमध्ये छापलं गेलं 'क्रेझी चार्ली', आणि तेच रूढ झालं.

चूक एका शब्दाची, पण तिनं अर्थ फिरवला. 'नॅस्टी' हा चार्लीनं माशीवर दिलेला निकाल होता. 'क्रेझी' वाचताना वाटतं, वेडा तो चार्लीच. जाणकाराचं मत पुसलं गेलं आणि त्याच्या नावाला एक विशेषण चिकटलं.

माशीचं सोंगही बदललं. छोट्या माशाची नक्कल म्हणून जन्मलेली ही माशी पुढे पिसांऐवजी वासराच्या शेपटीचे केस लावून, गुलाबी, तपकिरी रंगांत बांधली जाऊ लागली आणि कोलंबी म्हणूनच ओळखली गेली. बोनफिशला त्याचं काहीच वाटलं नाही.

पण नुसत्या माशीनं मासा मिळत नाही. होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून लांब काठीनं होडी ढकलणारा गाइडच ती सावली आधी पाहतो. होडीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरून तो हळूच सांगतो: अकरा वाजता, चाळीस फूट. माशी माशाच्या वाटेवर, थोडी पुढे पडायला हवी. डोक्यावर पडली तर अख्खा थवा पसार. मासा लागला की काठी वर उचलायची नाही, दोरीच ताणायची. नाहीतर माशी त्याच्या तोंडापासून दूर जाते.

या ज्ञानावर आज तिथली घरं चालतात. 2010च्या एका अभ्यासानं उथळ पाण्यातल्या या मासेमारीची बहामाजला होणारी वार्षिक कमाई 14 कोटी 10 लाख डॉलर सांगितली. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडला जातो, तोच उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला पळवतो.

कॅटलॉगमधलं नाव आता कुणी बदलणार नाही. निदान ती माशी गळाला बांधताना चार्लीचा मूळ शब्द आठवावा. वेडं कुणी नव्हतं. एका माणसानं नीट पाहिलं होतं, आणि दुसऱ्यानं त्याचं नीट ऐकलं होतं.