झडप बदलली, मग खाट कशासाठी?

हृदयाची झडप बदललेल्या माणसाने जिना टाळावा, लांब चालू नये, व्यायामाचे तर नावही काढू नये, असे सांगणारे आपल्याकडे घरोघर भेटतात. ते अडाणी नसतात. त्यांच्या बाजूने तीन वजनदार मुद्दे आहेत. छातीचे मधले हाड उभे कापून तारांनी बांधलेले असते. जोर पडला तर ते हलेल. बसवलेली झडप कृत्रिम असते. नाडी जितकी पळेल तितकी ती झिजेल. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असते. लागले-खुपले तर रक्त थांबणार नाही. यांतली एकही भीती निव्वळ कल्पनेतली नाही. तरीही त्यांतून निघालेला निष्कर्ष चुकीचा आहे. कसा, ते पुरावा पाहून वाचकांनीच ठरवावे.

आधी या समजुतीचे मूळ पाहू. महाधमनीची झडप फार अरुंद झाली की डॉक्टर दगदगीला मनाई करतात, आणि ते योग्यच असते. श्रमाच्या वेळी स्नायू जास्त रक्त मागतात, अरुंद तोंडातून ते जात नाही, रक्तदाब उतरून माणूस भोवळ येऊन पडतो, क्वचित दगावतोही. लहानपणीच्या संधिवाती तापाने अरुंद झालेल्या मिट्रल झडपेची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे नाडी वाढली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते. घरातल्या सगळ्यांनी ही मनाई महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पाळलेली असते. मग शस्त्रक्रिया होते, अडथळा निघतो, आणि मनाई मात्र जागच्या जागी राहते! ज्या कारणासाठी ती होती, ते कारणच सर्जनने काढून टाकले. आता ती कोणत्या आधारावर उभी आहे?

‘असू द्या, विश्रांतीने नुकसान तर नाही ना?’ असे कोणी विचारील. आहे, आणि ते मोजलेले आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जितके नेले होते त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने नेले होते, असे दिसले. धडधाकट पोरांची ही गत. मग आजाराने आधीच खंगलेल्या पन्नाशीच्या बाईला दोन महिने निजवून आपण तिचे काय भले करतो?

आता हाडाचा मुद्दा. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरते पक्के व्हायला तीन महिन्यांच्या आसपास, हे मान्य. पण ही मर्यादा मुख्यतः हातांची आहे. पायांना ती कोणी घातली? सावकाश चालण्यापेक्षा खोकण्याने त्या हाडावर कितीतरी जास्त ताण येतो. म्हणून तर खोकताना छातीशी उशी धरायला शिकवतात. इथे आपल्या घरांतली एक विसंगती सांगितलीच पाहिजे. जी सून संध्याकाळी चालायला निघाली की ‘टाके उसवतील’ म्हणून अडवली जाते, तीच महिना उलटायच्या आत पाण्याची बादली उचलताना, चादरी पिळताना, कडेवर मूल घेताना दिसते. कोणी हरकत घेत नाही. धोका नेमका त्या कामांत आहे. चालण्यात नाही.

झडप झिजण्याचा मुद्दा वरकरणी सर्वांत शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याचा हिशेबच मांडू. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. अर्धा तास चालताना नाडी ८० वरून ११० वर गेली, तर ९०० ठोके जादा पडले. नियमित चालण्याने विश्रांतीची नाडी उतरते. ती मिनिटाला एकाच ठोक्याने उतरली असे धरा. उरलेल्या साडेतेवीस तासांत १,४१० ठोके वाचले. तोटा कुठे आहे? शिवाय धातू-कार्बनची झडप असो की तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली आणि १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली चित्रा झडप असो, ती कोट्यवधी उघडझापींचा विचार करूनच बनवतात. प्राणिज ऊतीची झडप दहा-पंधरा वर्षांत खराब होते हे खरे. पण ती मुख्यतः कॅल्शियम साचून आणि ऊती फाटून. फिरायला गेल्याने नव्हे.

गोळीबद्दल थोडक्यात. वॉरफरिन किंवा असेनोकुमारोल चालू असेल तर कबड्डी, कुस्ती आणि चामड्याच्या चेंडूचे क्रिकेट सोडावे. पण पडण्याचे एक मोठे कारण कमजोर पाय हे आहे, आणि पाय कमजोर होतात ते बसून.

उलट बाजूचा अतिरेकही मला मान्य नाही. शरीरसौष्ठवपटू आणि नट अर्नोल्ड श्वार्झनेगरने १९९७ मध्ये झडपेची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढेही वजने उचलली, हा दाखला व्यायामशाळेत हमखास ऐकू येतो. २०१८ आणि २०२० मध्ये त्याच्या झडपा पुन्हा बदलाव्या लागल्या, हे तिथे कोणी सांगत नाही. एका माणसाच्या गोष्टीवरून ना व्यायाम सिद्ध होतो, ना विश्रांती. पुरावा हवा तर डेन्मार्कचा घ्या. तिथे झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या १४७ जणांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यायाम करणाऱ्या गटाची क्षमता चार महिन्यांनी सरस ठरली. मानसिक आरोग्यात फरक पडला नाही आणि किरकोळ तक्रारी त्याच गटात जास्त निघाल्या, हेही सांगितले पाहिजे. पुरावा लहान आहे. पण सक्तीच्या विश्रांतीच्या बाजूने तेवढाही कुठे आहे?

तेव्हा चालणे रुग्णालयाच्या व्हरांड्यातच सुरू व्हावे. पाच-पाच मिनिटे, दिवसातून काही वेळा, मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर मनगटावरचा आकडा फसवतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता येते का, ही कसोटी बरी. सूर्यनमस्कार, जोर, वजने हे हाड पक्के झाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर. श्वास कोंडून जोर लावू नये; कपालभातीही तोवर बाजूला ठेवावी. हाडात कटकट वाजली, ताप आला, छाती धडधडली, भोवळ आली किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर थांबून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हृदयाची ताकद कमी, फुप्फुसांतला दाब जास्त किंवा ठोके अनियमित असलेल्यांनी देखरेखीशिवाय व्यायाम वाढवू नये.

घरी सोडतानाच्या कागदावर प्रत्येक गोळीची मात्रा आणि वेळ लिहिलेली असते. तो कागद हातात घेण्याआधी चालण्याचीही मात्रा त्यावर लिहून मागा: किती मिनिटे, दिवसातून किती वेळा, आणि पुढचा टूडी इको केव्हा.