पेटीतला फेटिया: वऱ्हाडातल्या बंजारा भरतकामाचा इतिहास

मंडळी, कामरगावात बसून भरतकामाचा इतिहास बोलायचा तर लांब जायची गरज नाही. आपल्याच वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, पोहरादेवी आहे. बंजारा समाजाचं ते तीर्थक्षेत्र. तांड्यातल्या एखाद्या आजीच्या पेटीत अजूनही जुना फेटिया, म्हणजे घागरा, किंवा पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी निघते. जाड सुती कापड, त्यावर रंगीत दोऱ्याचं दाट भरत, आरसे आणि कवड्या. आपण या कपड्यांकडे आज दस्तऐवज म्हणून बघू.

आधी कवडी घ्या. वऱ्हाडात समुद्र कुठला? कवडी मालदीवच्या समुद्रातून यायची आणि एकेकाळी बाजारात पैसा म्हणून चालायची. लमाण बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरत. ‘लमाण’ हे नावच लवणावरून, म्हणजे मिठावरून आलं, असं सांगतात. तो सगळा व्यापार कापडावर टाचलेला आहे.

पुढे १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. माल रुळांवर गेला आणि बैलांचे तांडे बसले. त्यातच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढे बंजाऱ्यांचे काही गटही त्यात ओढले गेले. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. सरकारी दप्तरात नोंद झाली ती संशयित म्हणून, आणि ती लिहिली साहेबांनी. बाईनं स्वतःच्या हातानं केलेली नोंद शोधायची तर ती टाक्यांतच सापडते.

असंच काम ग्रीसच्या बेटांवर होतं. तिथल्या मुली लग्नात न्यायला लिननच्या कापडावर रेशमानं भरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस आणि डॉकिन्स या इंग्रज अभ्यासकांनी ते गोळा केलं. कापड संग्रहालयांत सुखरूप राहिलं, पण भरणाऱ्या बहुतेक बायकांची नावं मात्र हरवली.

आपल्याकडे धोका दुहेरी आहे. जुने फेटिये विकले जातात, कापून त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे होतात. कापड जातं, नावही जातं. पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा वारसा संग्रहालय उभं राहिलं, ही आनंदाची गोष्ट. पण काचेच्या पेटीत वस्तू ठेवली, एवढ्यानं इतिहास पुरा होत नाही.

म्हणून एक विनंती. घरी गेल्यावर आजीला विचारा: हे कुणी भरलं, कोणत्या तांड्यात, कुणाच्या लग्नासाठी? उत्तर तिच्याच शब्दांत वहीत लिहा आणि चिठ्ठी कापडासोबत ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.