बी. प्रभा आणि बी. विठ्ठल
कोरियातील पार्क रे-ह्यून व किम की-चांग या चित्रकार दांपत्याप्रमाणे चित्रकर्त्री बी. प्रभा (१९३३–२००१) आणि त्यांचे पती, शिल्पकार बी. विठ्ठल यांनीही आपली कला एकत्र मांडली. १९५६च्या त्यांच्या संयुक्त प्रदर्शनातील प्रभा यांची तीन चित्रे अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी विकत घेतली. आरंभी अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार न दाखवता रंग-रेषांतूनच व्यक्त होणाऱ्या, शैलीत रमलेल्या प्रभा पुढे मानवाकृतीकडे वळल्या आणि एकाच रंगाच्या छटांनी भारलेल्या पार्श्वभूमीवर लांब मानेच्या, टोपली घेतलेल्या कोळिणी त्यांनी तैलरंगात उभ्या केल्या. विठ्ठल यांचा जीव मात्र बैलाच्या आकारात गुंतला, शिल्पांत आणि चित्रांतही.