अलंकारांचीं इंग्रजी नांवें

इंग्रजीच्या तासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याची वही उघडून पाहिली, तर तींत एक पान हटकून सांपडतें. डाव्या बाजूस मेटॅफर, आयरनी, हायपरबोली, मेटॉनिमी अशीं नांवें, आणि उजव्या बाजूस रूपक, उपरोध, अतिशयोक्ति, लक्षणा असे त्यांचे मराठी प्रतिशब्द. हें पान मुखोद्गत झालें, कीं परीक्षेची बेगमी झाली, असें गुरु व शिष्य दोघेही समजतात. परंतु ह्या नांवांचा पूर्वेतिहास पाहिला, म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे तें ध्यानांत येतें.

वक्तृत्वशास्त्राचा उगम काव्यांत नसून कज्जांत आहे, असें प्राचीन परंपरा सांगते. इ. स. पूर्वीच्या पांचव्या शतकांत सिसिली बेटांतील सिराक्यूज नगरांत जुलमी सत्ता उलथून पडली. तेव्हां हिरावलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठीं लोक न्यायसभेपुढें उभे राहूं लागले, व कोरॅक्स आणि टिसिअस ह्यांनीं त्यांस बोलण्याची रीत शिकविली, अशी ती कथा आहे. ह्या शास्त्रांतील ग्रीक शब्दही असेच नित्याच्या व्यवहारांतून आलेले आहेत. ‘मेटॅफर’ ह्याचा मूळ अर्थ एका ठिकाणाहून दुसरीकडे वाहून नेणें. ‘हायपरबोली’ म्हणजे नेमाच्या पलीकडे फेकणें. ‘आयरनी’ हा शब्द तर ‘आयरन’ ह्या पात्रावरून आला. जाणूनबुजून अजाणतेपणाचें सोंग घेणारा हा मनुष्य ग्रीक प्रहसनांतून प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. म्हणजे आज ज्यास आपण परिभाषा म्हणतों, तीं एके काळीं साध्या कृतींचीं साधीं नांवें होतीं.

पुढें अरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत ‘मेटॅफर’ची व्याख्या केली, ती मोठी व्यापक होती. एका वस्तूचें नांव दुसरीस लावणें, मग तें जातीवरून व्यक्तीस असो, व्यक्तीवरून जातीस असो, कीं साम्यामुळें असो, सर्व त्यानें ह्या एकाच नांवाखालीं घातलें. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्यें क्विंटिलियननें बारा भागांचा वक्तृत्वशिक्षणाचा ग्रंथ लिहिला. त्यांत हे प्रकार वेगवेगळे करून मांडलेले आढळतात. तेव्हां नांव तेंच राहूनही त्याची हद्द युरोपांतच बदलत गेली, हें विसरतां कामा नये.

इंग्लंडांत हें शास्त्र लॅटिन शाळांच्या द्वारें आलें. टॉमस विल्सननें इ. स. १५५३ त वक्तृत्वावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. इ. स. १५८९ त इंग्रजी काव्यकलेवर एक निनांवी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो जॉर्ज पटनमचा असें सामान्यतः मानतात. ह्या ग्रंथकारानें ग्रीक नांवांस चक्क देशी नांवें दिलीं. आयरनीस त्यानें ‘कोरडी थट्टा’, हायपरबोलीस ‘मोठ्यानें खोटें बोलणारा’, आणि मेटॅफरास ‘वाहतुकीचा अलंकार’ अशा अर्थाचीं नांवें योजिलीं. त्यांत गंमत आहे, आणि समजही आहे. पण तीं नांवें रुजलीं नाहींत. आम्हांस वाटतें, ज्या शाळांतून शिक्षणाचा सारा व्यवहार लॅटिनांत चाले, तेथें घरगुती नांवास प्रतिष्ठा मिळणें कठीणच होतें. ज्या इंग्रजीपुढें आपण आपली परिभाषा तोकडी म्हणून संकोचतों, ती इंग्रजीही एकदां ह्याच संकोचांत होती!

आपली गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. मुंबई विद्यापीठ इ. स. १८५७ त स्थापन झालें, त्याच्या कितीतरी शतकें आधींपासून आपणांपाशीं स्वतंत्र अलंकारशास्त्र होतें. भरताच्या नाट्यशास्त्रांत उपमा, रूपक, दीपक व यमक असे चारच अलंकार आहेत. अकराव्या शतकांतील मम्मटाच्या काव्यप्रकाशांत त्यांची संख्या साठांच्या वर गेली. म्हणून इंग्रजी नांवास संस्कृत नांव जोडणें सोपें झालें, आणि घोटाळाही तेथेंच झाला. ‘हें मुख म्हणजे चंद्रच’ असें म्हटलें, तर तें रूपक. पण मुखाचें नांवही न घेतां, मुखाकडे पाहूनच कोणी ‘चंद्र उगवला’ असें म्हणेल, तर मम्मटाच्या मतें ती अतिशयोक्ति होय. कारण तेथें उपमानानें उपमेय गिळून टाकलें आहे. इंग्रजींत दोन्ही मेटॅफरच. उलट मेटॉनिमी इंग्रजींत अलंकार आहे, तर लक्षणा ही आपल्या शास्त्रांत अलंकार नसून शब्दाची शक्ति आहे. ह्याचा परिणाम असा, कीं एकाच ओळीस ‘रूपक’ म्हणणारा विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला बरोबर ठरतो, व संस्कृतच्या तासाला चुकतो. आणि आपण कोठें चुकलों हें त्यास कोणी सांगत नाहीं.

ह्यावर उपाय नवीन प्रतिशब्द घडविणें हा नव्हे. कवितेची ओळ पुढें आली असतां प्रथम विचारावें, येथें कोणती वस्तु कोणत्या वस्तूच्या जागीं आली? दोन्ही डोळ्यांपुढें आहेत, कीं एक लपली आहे? बोलणाऱ्यास म्हणावयाचें तेंच तो म्हणतो, कीं उलट? एवढें उमगल्यावर इंग्रजी नांव एका शब्दाचें काम उरतें, व मराठी नांव कोठें जुळतें आणि कोठें जुळत नाहीं, हेंही विद्यार्थ्याचें त्यासच कळतें. वहींतील तें पान फाडून टाकावें असें आमचें म्हणणें नाहीं. तें धड्याच्या आरंभीं न लिहवितां शेवटीं लिहवावें, इतकेंच.